नवी परिचारिका शस्त्रक्रियेला एकटी केव्हा उभी राहू शकते?

संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या शस्त्रक्रियांची लिस्ट हातात आली की शस्त्रक्रियागृहाच्या इन्चार्ज सिस्टरला प्रत्येक टेबलापुढे परिचारिकेचे नाव लिहावे लागते. तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी उद्याच्या हर्नियाला एकटी स्क्रब होऊ शकेल का, म्हणजे हात धुऊन, निर्जंतुक गाउन घालून सर्जनच्या हातात उपकरणे देऊ शकेल का, हा प्रश्न तेव्हा तिच्यापुढे असतो आणि बहुधा त्याचे उत्तर "हुशार आहे, जमेल तिला" एवढ्याच आधारावर दिले जाते. मुंबईतील लहान-मोठ्या शस्त्रक्रियागृहांत नव्या मुलामुलींना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि हे उत्तर मीही अनेकदा दिले आहे. ते चुकते तेव्हा त्याची किंमत टेबलावर झोपलेल्या रुग्णाला मोजावी लागते, म्हणून पुढे मी एक नियम केला: जे काम मी किंवा दुसऱ्या अनुभवी सिस्टरने शेजारी उभे राहून पाहिलेले नाही, ते त्या मुलीला येते असे धरायचे नाही. खाली दिलेली सगळी पद्धत या एका नियमातून आली आहे.

जीएनएम ही परिचर्येची पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग करताना शस्त्रक्रियागृहातील पोस्टिंग काही आठवड्यांचेच असते. भारतीय परिचर्या परिषदेने ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आखलेला आहे, पण माझ्यासोबत काम केलेल्यांपैकी तो पूर्ण केलेल्या मोजक्याच होत्या. बाकीच्या साऱ्या टेबलाशेजारी उभ्या राहूनच शिकल्या. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचारिका-अभ्यासकांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाढीचे पाच टप्पे मांडले: नवशिकी, थोडी सरावलेली, सक्षम, निपुण आणि तज्ज्ञ. सक्षम या टप्प्यापर्यंत यायला एकाच तऱ्हेच्या कामात साधारण दोन ते तीन वर्षे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. इन्चार्जने यातून घ्यायची गोष्ट अशी की हा टप्पा माणसाला कायमचा चिकटत नाही, तो त्या त्या कामापुरता असतो. दहा वर्षे सिझेरियनच्या टेबलावर काढलेली सिस्टर मेंदूच्या शस्त्रक्रियेला पहिल्यांदा उभी राहते तेव्हा त्या टेबलापुरती ती पुन्हा नवशिकीच असते, आणि तिला तसे मानण्यात तिचा अपमान होत नाही.

आधी काम तोडून लिहावे

बहुतेक ठिकाणी मूल्यमापनाचा एक छापील कागद असतो आणि त्यावर "निर्जंतुक तंत्राचे ज्ञान आहे", "उपकरणांची ओळख आहे", "संघासोबत समन्वय साधते" अशी वाक्ये असतात. अशा वाक्यांपुढे कोणीही कोणालाही खूण करू शकतो. त्यांच्या जागी डोळ्यांना दिसेल अशी कृती लिहावी. उदाहरणार्थ, निर्जंतुक तंत्राच्या रकान्यात मी पुढीलप्रमाणे लिहिते. गाउन घातल्यावर हात छाती आणि कंबर यांच्या मध्येच राहतात. गाउनची पाठ निर्जंतुक नसते हे लक्षात ठेवून ती मांडलेल्या ट्रॉलीकडे पाठ करत नाही. दुसऱ्या स्क्रब झालेल्या व्यक्तीला ओलांडून जाताना समोरासमोर किंवा पाठीला पाठ करून जाते. टेबलाच्या पातळीखाली लोंबणारा ड्रेपचा (रुग्णावर अंथरलेल्या निर्जंतुक कापडाचा) भाग किंवा कॉटरीची (विजेने कापणाऱ्या आणि रक्त थांबवणाऱ्या यंत्राची) वायर पुन्हा वर ओढून घेत नाही. ग्लोव्ह फाटला किंवा कशाला हात लागला तर कोणी विचारण्याआधी स्वतः सांगते. या यादीतील शेवटची कृती मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती कोणी पाहत नसतानाही करावी लागते.

अशी यादी प्रत्येक शाखेसाठी वेगळी लागते आणि ती इन्चार्जने एकटीने बसून लिहू नये. त्या टेबलावरील अनुभवी सिस्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांना प्रत्येकी एकच प्रश्न विचारावा: नव्या सिस्टरची कोणती चूक तुम्हाला सर्वांत जास्त अडचणीत आणते? सर्जन बहुधा योग्य वेळी योग्य वस्तू हातात न येण्याबद्दल बोलतात, भूलतज्ज्ञ रुग्णाला टेबलावर घेताना आणि जागे होताना मदतीला कोणी नसण्याबद्दल बोलतात, आणि सिस्टर बोलतात त्या शस्त्रक्रियेत वापरलेल्या वस्तूंच्या मोजणीबद्दल, म्हणजे रुग्णाच्या शरीरात काही राहिले नाही ना हे पाहण्याबद्दल. तिन्ही उत्तरे यादीत आली पाहिजेत.

पहिला आठवडा सीएसएसडीत

नव्या परिचारिकेला पहिल्याच दिवशी टेबलाजवळ नेण्याचा मोह टाळावा. तिने पहिला आठवडा निर्जंतुकीकरण विभागात (सीएसएसडी) घालवावा, कारण ट्रॉलीवर मांडलेल्या प्रत्येक वस्तूवरचा तिचा विश्वास तिथे तयार होतो. वापरलेली आर्टरी फोर्सेप्स (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा) उघडून, सांध्यात अडकलेले रक्त ब्रशने काढून धुतल्याखेरीज ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) काही अर्थ नाही, हे स्वतःच्या हातांनी केल्यावरच पटते. १२१ अंश सेल्सिअस आणि १३४ अंश सेल्सिअस या दोन सायकलींच्या वेळा वेगळ्या का असतात, आधी आतली हवा काढून घेणाऱ्या प्री-व्हॅक्यूम यंत्रात रोज पहिल्या सायकलला बोवी-डिक चाचणी (वाफ पॅकच्या आतपर्यंत पोहोचते का हे पाहणारी) का लावतात, बाहेरची टेप काळी झाली तरी पॅकच्या आतला इंडिकेटर का पाहावा लागतो, हे तिला समजावून सांगावे आणि आठवड्याच्या शेवटी तिच्याकडून समजावून घ्यावे.

मुंबईच्या पावसाळ्यात एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते. हवेतील दमटपणामुळे ऑटोक्लेव्हमधून काढलेले गरम पॅक घाईने थंड फरशीवर किंवा लोखंडी रॅकवर ठेवले की त्यांना आतून पाणी सुटते, आणि ओलसर झालेला पॅक, त्यावरची तारीख काहीही असो, निर्जंतुक मानायचा नसतो. "जरा दमट आहे, पण चालेल" हे वाक्य शस्त्रक्रियागृहातून हद्दपार करायचे असेल, तर नव्या मुलीने पहिल्याच आठवड्यात एक ओला पॅक स्वतः परत पाठवलेला असावा आणि त्याबद्दल तिला कोणी रागावलेले नसावे.

स्क्रब आधी, फ्लोअर नंतर

पुष्कळ शस्त्रक्रियागृहांत नव्या व्यक्तीला फ्लोअरवर, म्हणजे स्क्रब न होता खोलीत फिरून मदत करण्याच्या कामावर, ठेवतात आणि अनुभवी सिस्टर स्क्रब होते, कारण फ्लोअरचे काम म्हणजे मागितलेली वस्तू आणून देणे अशी समजूत असते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. स्क्रब सिस्टरचे लक्ष जखमेवर आणि ट्रॉलीवर खिळलेले असते, तर संपूर्ण खोलीकडे लक्ष देऊ शकेल अशी फ्लोअरची परिचारिका एकटीच असते. सक्शनची बाटली किती भरली, रक्त मागवले आहे का, रुग्णाच्या अंगाला चिकटवलेली कॉटरीची प्लेट सुटली का, दार कितीदा उघडते आहे, रुग्णाचा हात बोर्डावरून घसरला का, नमुन्याच्या डबीवर नाव लिहिले का, हे सगळे तिच्याच नजरेवर असते. अशी नजर नवशिक्या व्यक्तीकडे असणे शक्य नाही. म्हणून नव्या परिचारिकेने आधी अनुभवी सिस्टरसोबत दुसरी म्हणून स्क्रब व्हावे, मग तिच्या नजरेखाली पहिली म्हणून, आणि फ्लोअर तिच्याकडे एकटीने सर्वांत शेवटी द्यावा.

सोबत ठेवलेल्या सिस्टरला त्या काळात मनुष्यबळात धरू नये. कागदावर दोघी आणि प्रत्यक्षात प्रत्येकीकडे स्वतंत्र टेबल, ही व्यवस्था शिकवण्याची नसते. कर्मचारी अपुरे आहेत हे मी जाणते. तरीही आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या दोन केससाठी का होईना, शिकवणारी सिस्टर पूर्ण मोकळी असावी, असा आग्रह इन्चार्जने मेट्रनकडे धरावा आणि तो लेखी धरावा.

मुंबईच्या शस्त्रक्रियागृहात मराठी, मल्याळी, कोकणी आणि हिंदी बोलणारी माणसे एकाच टेबलाभोवती असतात, आणि एकाच वस्तूला प्रत्येक सर्जनचे वेगळे नाव असते. कोणी "आर्टरी" म्हणतात, कोणी "क्लॅम्प", कोणी नुसता हात पुढे करतात. यासाठी प्रत्येक शाखेच्या मांडलेल्या ट्रॉलीचे छायाचित्र, त्यावर वस्तूंची नावे आणि त्याखाली त्या टेबलावर बोलली जाणारी नावे, अशी एक फाइल तयार करावी. एका रविवारच्या ड्युटीत होणारे हे काम पुढे अनेक महिने उपयोगी पडते.

मोजणी: सगळे काही इथे शिकवता येते

मी नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते तेव्हाची गोष्ट आहे. रात्रीच्या एका तातडीच्या लॅपरोटॉमीत (पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत) शेवटच्या मोजणीत एक मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापड, कमी आला. रुग्णाची प्रकृती नाजूक होती आणि सगळ्यांना पोट लवकर बंद करायचे होते. मी हळू आवाजात दोनदा सांगितले, उत्तर आले नाही, आणि तिसऱ्यांदा सांगायला मी धजले नाही. फ्लोअरवर असलेल्या ज्येष्ठ ब्रदरनी मोठ्याने सांगितले, टाके थांबले, आणि मॉप यकृताच्या मागे सापडला. मला त्या रात्री मोजता येत होते. सांगता येत नव्हते. त्यानंतर मोजणी शिकवताना मी ही दोन कामे वेगळी धरते आणि दोन्ही वेगवेगळी तपासते.

मोजण्याचे काम असे शिकवावे. मोजणी दोघांनी, एकाच वेळी, मोठ्याने आणि प्रत्येक वस्तू सुटी करून पाहत करावी. एकीने मोजायचे आणि दुसरीने मान डोलवायची ही मोजणी नव्हे. पहिली मोजणी छेद घेण्याआधी करावी. गर्भाशयासारखा आतला पोकळ अवयव शिवण्याआधी, मग पोट किंवा छाती बंद करायला घेण्याआधी आणि शेवटी त्वचेचे टाके घालताना ती पुन्हा करावी. याखेरीज स्क्रब किंवा फ्लोअरची व्यक्ती मध्येच बदलली तर त्या वेळीही मोजावे. दुपारी पाळी बदलताना ही मोजणी हमखास राहून जाते, कारण घरी जाणारीला लोकल गाठायची असते. म्हणून पाळी बदलण्याच्या वेळेची एक तरी केस मूल्यमापनासाठी निवडावी.

प्रत्येक वेळी क्रम एकच ठेवावा: आधी जखमेजवळचे, मग मेयो ट्रॉलीवरचे (टेबलाजवळच्या लहान ट्रॉलीवरचे), मग मागच्या मोठ्या ट्रॉलीवरचे आणि शेवटी खाली टाकलेले. पाचच्या गठ्ठ्यात चार किंवा सहा मॉप निघाले तर तो संपूर्ण गठ्ठा शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी बाजूला काढावा. शरीराच्या पोकळीत केवळ क्ष-किरणात दिसणारा धागा असलेलेच मॉप आणि गॉज वापरावेत, ते कधीही कापू नयेत, आणि ड्रेसिंगसाठी ते घेऊ नयेत, नाहीतर पुढच्या वेळी काढलेल्या एक्स-रेचा अर्थच लागत नाही. मोजणीचा आकडा फळ्यावर लिहावा. लक्षात ठेवू नये. शेवटची मोजणी जुळेपर्यंत कचऱ्याची पिशवी आणि वापरलेले कापड खोलीबाहेर जाणार नाही, हे मामांना आणि मावशींना (मदतनीस कर्मचाऱ्यांना) सांगण्याची जबाबदारीही परिचारिकेचीच आहे. हे त्यांना कारणासह सांगितले की ते किती काटेकोरपणे पाळतात, याचा अनुभव मी अनेकदा घेतला आहे.

आकडा जुळला नाही तर काय करायचे, हे रिकाम्या टेबलावर सराव करून घ्यावे. संध्याकाळी लिस्ट संपल्यावर मी एक ट्रॉली मांडायला सांगते, एक मॉप ड्रेपच्या घडीत लपवते, आणि सर्जनच्या जागी उभी राहून घाई करते. मुलीने "सर, एक मॉप कमी आहे, कृपया टाके घालणे थांबवा" हे वाक्य पूर्ण, स्पष्ट आणि ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे असते. मी मुद्दाम दुर्लक्ष करते. मग तिने तेच वाक्य पुन्हा बोलायचे, भूलतज्ज्ञांनाही सांगायचे, फ्लोअरला शोध घ्यायला लावायचे, आणि तरीही सापडला नाही तर एक्स-रेची मागणी करून नोंद लिहायची. पहिल्या वेळी बहुतेकींचा आवाज फुटत नाही. चौथ्या-पाचव्या सरावात तो फुटतो. जिचा फुटत नाही तिला मी एकटीने केस देत नाही, मग तिचे हात कितीही सफाईदार असोत. या एका बाबतीत मी सवलत दिलेली नाही आणि इतरांनीही देऊ नये असे मला मनापासून वाटते.

सेफ्टी चेकलिस्ट

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रिया सुरक्षिततेची यादी पुढे आणली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण खोलीबाहेर जाण्याआधी, असे तिचे तीन थांबे आहेत. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही यादी वापरल्यानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. आज हा कागद जवळपास प्रत्येक फाइलमध्ये असतो. त्यावरच्या खुणा मात्र अनेकदा केस संपल्यावर एकदम केल्या जातात. नव्या परिचारिकेने यादी मोठ्याने वाचली का आणि प्रत्येक प्रश्नाला कोणीतरी शब्दांत उत्तर दिले का, एवढेच पाहावे.

रुग्णाची ओळख पटवताना "तुम्ही अमुकच ना?" असे विचारू नये. घाबरलेला, सकाळपासून उपाशी असलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचे पूर्ण नाव सांगा, आज कोणत्या बाजूचे ऑपरेशन आहे ते हाताने दाखवा" असे, त्याला समजेल त्या भाषेत, विचारायला शिकवावे. ही सवय लागायला दोन आठवडे पुरतात.

यंत्रे, स्थिती, नमुने आणि सुया

कॉटरीच्या बाबतीत तीन गोष्टी तिने करून दाखवल्या पाहिजेत. प्लेट भरपूर स्नायू असलेल्या, कोरड्या जागी पूर्ण चिकटवणे, आणि हाड, जुना व्रण किंवा धातूचे इम्प्लांट असलेली जागा टाळणे ही पहिली. स्पिरिट असलेले द्रावण त्वचेवर पूर्ण वाळल्याखेरीज आणि त्याची ओल ड्रेपखाली साचलेली नाही हे पाहिल्याखेरीज कॉटरी सुरू करू न देणे ही दुसरी, कारण स्पिरिटची वाफ, ऑक्सिजन आणि ठिणगी एकत्र आली की टेबलावर आग लागते. वापरात नसताना कॉटरीची पेन्सिल (सर्जनच्या हातातली दांडी) रुग्णाच्या अंगावर न सोडता तिच्या खोळीत ठेवणे ही तिसरी.

रुग्णाची स्थिती देताना हात खांद्यापासून ९० अंशांपेक्षा जास्त बाहेर जाऊ देऊ नये. लिथोटॉमीत (पाय वर आधारावर ठेवून दिलेल्या स्थितीत) दोन्ही पाय दोघांनी मिळून एकाच वेळी उचलावेत, उतरवताना सावकाश उतरवावेत, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दांड्याचा दाब येत नाही ना हे हात घालून पाहावे. भुलेत असलेला माणूस दुखते म्हणून सांगू शकत नाही, एवढे एक वाक्य तिच्या मनात पक्के बसले की पुढचे बरेचसे ती आपण होऊन करू लागते.

नमुन्यांच्या बाबतीत सर्वांत महागडी चूक फॉर्मेलिनची, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणाची, असते. हिस्टोपॅथॉलॉजीचा (ऊतींच्या नेहमीच्या तपासणीचा) नमुना फॉर्मेलिनमध्ये जातो, पण फ्रोझन सेक्शनचा (शस्त्रक्रिया चालू असतानाच होणाऱ्या तातडीच्या तपासणीचा) आणि कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याचा) जात नाही; एकदा टाकला की परत मिळवता येत नाही. म्हणून डबीत काही ओतण्याआधी "सर, हा कशासाठी?" हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा.

ब्लेड आणि सुया हातातून हातात देण्याऐवजी किडनी ट्रेतून द्याव्यात. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये आणि ताबडतोब कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. टोचल्याचे लपवणारी मुलगी बहुधा ओरडा खाण्याच्या भीतीने लपवते, तेव्हा कळवणारीला आधी धीर द्यावा आणि चौकशी नंतर करावी.

सही कोणी आणि केव्हा करावी

मी प्रत्येक कृतीपुढे तीनच शब्द वापरते: सोबतीने, नजरेखाली, एकटी. कोणत्याही शाखेतील सर्वसाधारण केससाठी दहा केस नजरेखाली झाल्यावर मी निर्णयाचा विचार करते. हा आकडा माझ्या अनुभवातून आलेला आहे आणि केस अवघड असेल तसा तो वाढवावा. यांपैकी शेवटच्या दोन केस शिकवणाऱ्या सिस्टरखेरीज दुसऱ्या कोणीतरी पाहाव्यात, कारण जिने शिकवले तिला शिष्येची चूक सहसा दिसत नाही. पाहणारीने केस चालू असताना काही सुचवायचे नाही; रुग्णाला धोका दिसला तरच मध्ये पडायचे, आणि पडावे लागले तर ती केस मोजायची नाही.

केस संपल्यावर चहाआधी पाच मिनिटे बोलावे. आधी तिलाच विचारावे की कुठे अडलीस. तिचे उत्तर पाहणारीच्या नोंदीशी जुळले तर ती योग्य दिशेने चालली आहे असे समजावे. स्वतःची चूक दिसत नसेल, तर हात जलद असूनही तिला आणखी काही काळ नजरेखाली ठेवावे. "अजून नाही" असे लिहावे लागले तर नेमकी कोणती कृती आणि पुन्हा केव्हा पाहणार, हे त्याच ओळीत लिहावे.

सामान्य शाखांपलीकडे प्रत्येकीला किमान एका तातडीच्या प्रकारात, म्हणजे सिझेरियन किंवा लॅपरोटॉमीत, "एकटी"पर्यंत आणून ठेवावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल थांबल्या. तेवढा नसला तरी रात्रपाळीची माणसे दादर किंवा कुर्ल्याला अडकून पडावीत असा पाऊस जवळपास दर वर्षी होतो. त्या रात्री जी शस्त्रक्रियागृहात असेल तिलाच उभे राहावे लागते. त्यामुळे मे महिन्यातच यादी काढून कोणाच्या नावापुढे काय रिकामे आहे ते पाहावे आणि जूनच्या आधी ते भरून घ्यावे.

दिलेली सही कायमची नसते. बाळंतपणाच्या किंवा मोठ्या रजेवरून आलेली, दुसऱ्या विभागातून परतलेली, किंवा नवे यंत्र आलेल्या टेबलावर जाणारी सिस्टर पहिल्या दोन केस पुन्हा नजरेखाली करते, आणि मोजणी जुळत नसल्याचा सराव वर्षातून एकदा सगळ्यांकडून करून घेतला जातो. त्या सरावाच्या यादीत इन्चार्जचे नाव पहिले लिहावे.